कपाटासाठी भांडणारी बाई

छोटीची पन्नाशी उलटून गेली होती, जिना चढताना गुडघे कुरकुर करायचे, मुलगी कॉलेजात गणित शिकवायला लागली होती. तरी घरात ती छोटीच. नवरा छोटी म्हणायचा, थोरली बहीण छोटी म्हणायची. कामाच्या ठिकाणी मात्र तिचं नाव वेगळं होतं. तिथे तिला नळबाई म्हणत.

हे नाव लाइटवाल्यांनी ठेवलं होतं आणि त्यात कुचेष्टा नव्हती. रडायचा प्रसंग आला की बाकीच्या नट्यांच्या डोळ्यांत ग्लिसरीन घालावं लागे, मग डोळे लाल होत, मेकअप उतरे, सगळे खोळंबून बसत. छोटी दिग्दर्शकाला शांतपणे विचारायची, "एका डोळ्यातून हवंय की दोन्ही?" कॅमेरा सुरू झाला की मागणीप्रमाणे पाणी हजर. शॉट झाला की डोळे पुसून ती अर्धवट राहिलेला चहा प्यायला जायची.

तिच्या वाट्याला भूमिका दोनच यायच्या. एकीत मुलगा वाईट मार्गाला लागलेला असे, दुसरीत तो देशासाठी जीव देई. दोन्हीकडे मुलगा मरायचाच, दारात पोलीस नाहीतर सैनिक बातमी घेऊन यायचे, आणि दोन्हीकडे छोटी काळ्या बुरख्यात नाहीतर पांढऱ्या ओढणीत, हातात तसबीची माळ धरून दारात कोसळायची. चौकट पकडायची, मणी गच्च आवळायचे, हळूहळू खाली बसायचं. प्रत्यक्षात तिने बुरखा कधी घातला नव्हता, तिला मुलगा नव्हता, आणि पोलीस तिच्या दारात एकदाच आले होते, तेही शेजाऱ्यांचा पत्ता विचारायला. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान घराच्या खालीच होतं. गिऱ्हाइकं काचेतून डोळे बारीक करून पाहत आणि म्हणत, "काल टीव्हीवर वहिनींना बघितलं. काय सुंदर रडतात हो!" नवरा मान डोलवायचा. "घरी मात्र मलाच रडवते."

एका रविवारी दुपारी तिच्याकडे एक तरुण मुलगी आली. डोक्याला घट्ट बांधलेला निळा स्कार्फ, खांद्याला वजनदार बॅग, बोलण्यात घाई. छोटीने तिला लगेच ओळखलं. दोन-तीन सिनेमांत ही सहायक दिग्दर्शक होती, छोटीला खाला म्हणजे मावशी म्हणायची. छोटीच्या हातात तसबी द्यायची आणि पुढच्या शॉटला ती त्याच हातात आहे ना हे बघायचं, हे तिचं काम.

"खाला, आता मी स्वतःचा सिनेमा करतेय," मुलगी म्हणाली आणि तिने पटकथेची चळत छोटीच्या मांडीवर ठेवली. "मुख्य भूमिका तुमची आहे."

गोष्ट साधी होती. दोन बहिणी, दोघीही उतारवयाच्या. आई गेल्यावर घर रिकामं करायचं असतं. सगळ्याची वाटणी नीट होते, फक्त एका आरशाच्या कपाटावरून दोघींचं वाजतं. एवढंच. छोटीला थोरलीचं काम करायचं होतं, कपाटासाठी भांडणाऱ्या बाईचं. वाचताना छोटी मध्येच फिसकन हसली, पुढे गेली, पुन्हा हसली, आणि शेवटी पानं उलटसुलट करून काहीतरी शोधायला लागली.

"ही रडते कुठे?"

"कुठेच नाही."

"आणि मुलगा?"

"मुलगा नाही हिला. दोन मुली आहेत, त्या फोनच उचलत नाहीत."

"मग यात मी करू काय?" छोटीने खरंच घाबरून विचारलं.

मुलगी हसली. मग म्हणाली की हा प्रश्न सगळेच विचारतात, फक्त वेगळ्या शब्दांत. एका मोठ्या चॅनेलच्या साहेबांनी पटकथा वाचून विचारलं होतं, यात मुस्लिम काय आहे? "मी म्हटलं, दोघी बहिणी आहेत. तर म्हणाले, ते दिसतंय, पण काही कळायला नको का? निदान एखादा तलाक तरी घाला." शेवटी तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी, एक कॅमेरा करणारी आणि एक आवाज घेणारी, आपापसात ठरवून सिनेमा उभा करायला घेतला होता.

छोटीला ते आवडलं, पण मनात एक गोष्ट खुपत होती. चहा देताना तिने ती बोलून टाकली. "हे बघ, इतक्या वर्षांनी आपल्यातली एक बाई पडद्यावर रडायची थांबणार. मग निदान चांगली तरी दाखव. डॉक्टर दाखव, शिक्षिका दाखव. ही बाई खोटं बोलते, वय लपवते, बहिणीच्या पिशव्या उचकते. लोक म्हणतील, बघा, ह्या बायका अशाच."

"खाला, रडकी बाहुली उचलायची आणि तिथे शहाणी बाहुली ठेवायची, एवढंच ना होईल? मला बाहुली नकोच. मला भांडणारी बाई हवी."

नवरा दुकानातून जेवायला वर आला होता. तो हात पुसत म्हणाला, "तू केस रंगवतेस, पार्लरमध्ये वय कमी सांगतेस. त्याने कोणाची बदनामी झाली?"

"तुम्ही गप्प जेवा," छोटी म्हणाली. पण काम तिने घेतलं.

तालमी एका शाळेच्या रिकाम्या वर्गात सुरू झाल्या. धाकट्या बहिणीच्या भूमिकेत रंगभूमीवरची एक जुनी नटी होती, सगळे तिला नाटकवाली म्हणायचे. तिचा आवाज असा की वर्गाच्या खिडक्या थरथरायच्या. छोटीचं मात्र काही केल्या जमेना. वाक्य होतं, "कपाट माझं आहे, मी ते नेणार." छोटी ते म्हणायची आणि आपोआप मान झुकायची, आवाज कापरा व्हायचा, हात छातीशी जायचा. तिसऱ्या दिवशी नाटकवालीने कपाळाला हात लावला.

"बाई, तुम्ही कपाट मागताय की मय्यत उचलताय?"

सगळे हसले. छोटीही हसली, पण तिला ते लागलं. घरी येऊन आरशासमोर तिने तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. आरशातली बाई दरवेळी एखाद्या प्रेतापाशी उभी असल्यासारखी दिसे. इतकी वर्षं ज्या गोष्टीचं कौतुक झालं, ती अंगात इतकी मुरली होती की बाहेर काढता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तालीम संपल्यावर मुलगी तिच्याजवळ येऊन बाकावर बसली. "खाला, तुमच्या ओळखीत अशी कोणी बाई नाही का? हक्काने भांडणारी?"

छोटीने क्षणभर विचार केला आणि मग तिला हसू फुटलं. "आहे ना. माझी आपा."

आपा म्हणजे छोटीची थोरली बहीण. मोठ्या इस्पितळात मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. डॉक्टरसुद्धा तिच्या वॉर्डात पाय पुसून येत. डोक्यावर स्कार्फ, डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा, आणि एक छोटी गाडी, जी ती स्वतः चालवायची आणि जिचा हॉर्न रस्त्यावरच्या सगळ्यांना शिस्त लावायला वापरायची. "माझं काय, मी काही बोलणार नाही," असं म्हणून ती बोलायला सुरुवात करी, आणि मग अर्धा तास दुसऱ्या कोणाला तोंड उघडता येत नसे. कोणाच्याही घरी गेली की पाणी प्यायच्या निमित्ताने फ्रीज उघडून आतला पसारा बघून घेई.

छोटी त्या आठवड्यापासून आपाकडे वरचेवर चहाला जायला लागली. आपा पर्स कशी खटकन बंद करते, समोरचा बोलत असताना हनुवटी कशी वर जाते, राग आला की आवाज चढायच्या ऐवजी कसा थंड होतो, सगळं ती डोळ्यांनी टिपत होती.

"काय बघतेस सारखी?" आपाने एकदा विचारलं. "दातात काही अडकलंय का?"

"नाही गं. छान दिसतेस."

"चार दिवसांआड येतेस, कौतुक करतेस. तुला नक्की काहीतरी हवंय." आपाने संशयाने बिस्किटांचा डबा जवळ ओढला.

आपल्यावरून भूमिका बेतली जातेय, हे छोटीने तिला सांगितलं नाही. सांगायचा धीरच झाला नाही.

तालमीत मात्र गाडी रुळावर आली. पर्स खटकन वाजली, हनुवटी वर गेली, आणि "कपाट माझं आहे, मी ते नेणार" हे वाक्य असं आलं की नाटकवाली पुढचं विसरली. मग टाळी देऊन म्हणाली, "आता मजा येईल भांडायला."

शूटिंग एका जुन्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये झालं. माणसं मोजकी, जागा लहान. आवाज घेणारी मुलगी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडी घालून बसायची. सगळं सुरळीत चाललं होतं. अडचण आली ती आईच्या खोलीतल्या प्रसंगाला. खोली रिकामी झालेली असते, फक्त कपाट उरलेलं. सुतार येऊन माप घेतो आणि सांगतो की हे कपाट दारातून जाणारच नाही, ते इथे खोलीतच बनवलेलं आहे. मोडल्याशिवाय बाहेर निघणार नाही. हे ऐकल्यावर थोरली सुतारावर उखडते.

कॅमेरा सुरू झाला. सुतार झालेल्या नटाने वाक्य म्हटलं. छोटीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिचं लक्ष कपाटाच्या आरशाकडे गेलं. आरशात रिकामी खोली होती. भिंतीवर पलंगाच्या डोक्याकडचा मळकट डाग राहिलेला. तिला तिची स्वतःची अम्मी आठवली आणि डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. मागणीप्रमाणे आलेलं नव्हतं ते. छोटी तशीच उभी राहिली आणि ओलं तोंड घेऊन सगळी वाक्यं म्हणाली.

कट झाल्यावर कॅमेरा करणाऱ्या मुलीने डोळे पुसले. नाटकवाली दारात उभी होती, ती पुटपुटली, "वाह!"

दिग्दर्शिका जवळ आली, छोटीला पाणी दिलं, आणि थोडं थांबून म्हणाली, "फार छान झालं, खाला. पुन्हा घेऊया. न रडता."

छोटीला तिचा रागच आला. "हे खोटं नव्हतं, माहीत आहे ना तुला? हे नळाचं पाणी नव्हतं."

"माहीत आहे. म्हणून तर छान झालं. पण ते तुमचं रडणं होतं. ही बाई अशा वेळी काय करेल?"

छोटी बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं. तिला वाटलं, सरळ घरी निघून जावं. या पोरीला तसबी नीट देता येत नव्हती, आणि ती मला रडण्यातलं शिकवते! मग राग थोडा निवला आणि तिला अम्मी गेली तो दिवस आठवला.

त्या दिवशी छोटीने रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. बायकांनी तिला धरून बसवलं होतं. आणि आपा? आपा खाली दारात उभी राहून खुर्च्यावाल्याला झापत होती. भेटायला येणाऱ्यांसाठी खुर्च्या मागवल्या होत्या, त्या घाण आहेत म्हणून. "ह्या परत न्या. ह्यांवर माणूस बसेल का? धुऊन आणा." वरपर्यंत तिचा आवाज येत होता, खिडकीतून ती दिसतही होती. नातेवाईक कुजबुजले होते की आई घरात पडलीय आणि हिला खुर्च्यांचं सुचतंय, काय दगड बाई आहे. छोटीलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. आज गॅलरीत उभं राहून तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की आपाने त्या खुर्च्यावाल्याला एका ठरावीक खुर्चीबद्दल नाही, प्रत्येक खुर्चीबद्दल वेगळं वेगळं सुनावलं होतं. एकेक खुर्ची हातात घेऊन. संपूच द्यायचं नव्हतं तिला ते भांडण. ते संपलं असतं तर वर यावं लागलं असतं.

छोटी आत आली. "घ्या," ती म्हणाली.

या वेळी तिने सुताराला धारेवर धरलं. पट्टी चुकीची लावलीस, पेन्सिल बोथट आहे, बूट काढून का आला नाहीस, माप पुन्हा घे, खालून घे, आता वरून घे. आवाज चढला नाही, थंडच राहिला. आधी युनिटमधले लोक तोंड दाबून हसले. सुतार तिसऱ्यांदा वाकला तेव्हा हसणं थांबलं. आवाज घेणारी मुलगी नंतर म्हणाली की हेडफोनमध्ये तिला छोटीचा श्वास ऐकू येत होता, आणि तो ऐकवत नव्हता. डोळे कोरडेच राहिले.

सिनेमा तयार झाला. त्याचा पहिला खेळ एका छोट्या सभागृहात, शनिवारी दुपारी ठेवला होता. छोटीने आपाला मुद्दामच कळवलं नव्हतं. पण सभागृहात शिरली तर पहिल्याच रांगेत स्कार्फ आणि काळा चष्मा! शेजारी छोटीचा नवरा बसला होता, तोंडावर साळसूद भाव आणून.

"मीच बोलावलं," तो म्हणाला. "तुझं काम आहे म्हटल्यावर बोलवायला नको?"

सिनेमा चालू असताना तिने पडदा पाहिलाच नाही, ती आपाकडे बघत होती. लोक हसत होते. आपा हसली नाही. सुताराच्या प्रसंगाला आपाने काळा चष्मा काढला, पर्समध्ये ठेवला, आणि पर्स बंद करायची राहून गेली.

दिवे लागल्यावर टाळ्या झाल्या आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. चेहरा सज्जन, बोलणं मृदू. "सिनेमा गोड आहे," ते म्हणाले, "पण एक खंत वाटते. तुमच्या समाजातल्या स्त्रियांचे खरे प्रश्न इतके गंभीर असताना, तुम्ही कपाटासारखा किरकोळ विषय का निवडलात?"

दिग्दर्शिकेने माइक तोंडाशी नेला. तिला या प्रश्नाची सवय होती. पण त्याआधीच पहिल्या रांगेतून आपा उठली आणि मागे वळली.

"माझं काय, मी काही बोलणार नाही," आपा म्हणाली. छोटीने डोळे मिटून घेतले. "फक्त एक विचारते. तुमच्या आई आहेत?"

"नाही. वारल्या."

"वाईट झालं. मग घरातल्या वस्तूंची वाटणी झाली असेल."

"झाली."

"भांडण झालं?"

गृहस्थ जरा घुटमळले. "थोडंफार."

"कशावरून?"

सगळं सभागृह मागे वळून त्यांच्याकडे बघायला लागलं. ते लाजून हसले. "शिलाई मशीनवरून. आमच्यात कोणाला शिवता येत नव्हतं, तरी."

हशा पिकला. आपा मात्र गंभीर होती. "तेव्हा कोणी येऊन तुम्हाला विचारलं का, की मशीनवरून काय भांडता, तुमचे खरे प्रश्न कुठे आहेत?"

"नाही विचारलं," गृहस्थ म्हणाले.

"आमचे खरे प्रश्न आहेत. पुष्कळ आहेत. सगळा जन्म वॉर्डात काढलाय मी, सगळे सांगेन तुम्हाला, बसायला वेळ असेल तर. पण आज मी सिनेमा बघायला आले होते." एवढं बोलून ती खाली बसली. गृहस्थांनी स्वतःच सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

परतताना आपाने छोटीला आपल्या गाडीत बसवलं. नवऱ्याला दुकान उघडायचं आठवलं आणि तो रिक्षाने सटकला. वाटेत आपाने एकदाही हॉर्न वाजवला नाही, हे काळजीचं होतं.

"ती बाई कोणावरून घेतलीस?" शेवटी तिने विचारलं.

"कोणावरून म्हणजे... अशीच. लिहिलेलीच होती तशी."

"मला सांगू नकोस. मी ओळखलंय." आपाने गाडी वळवली. "फुफीवरून. तीच पर्स, तेच टोमणे. अगदी हुबेहूब फुफी."

फुफी म्हणजे दोघींची आत्या. छोटीने ओठ घट्ट मिटले आणि खिडकीबाहेर बघितलं. हसू आवरायला सगळा अभिनय पणाला लावावा लागला. "हो," ती म्हणाली, "फुफीच."

सिग्नलला गाडी थांबली. समोरून शाळेच्या मुली रस्ता ओलांडत होत्या. त्या गेल्या, दिवा हिरवा झाला, तरी आपाने गाडी हलवली नाही.

"पण त्या सुताराला झापते ना ती, ते फुफीचं नाही."

"नाही."

"खुर्च्या खरंच घाण होत्या, छोटी."

"माहीत आहे, आपा."

"पक्ष्यांची घाण होती त्यांवर. अम्मीसाठी लोक येणार आणि त्यांनी तसल्या खुर्च्यांवर बसायचं?"

"तू धुऊन घेतल्यास ते बरं केलंस."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. आपाने काच खाली करून त्याला दोन शब्द सुनावले आणि मगच गाडी पुढे घेतली.

सिनेमा फार मोठा झाला नाही. छोट्या छोट्या थिएटरांत लागत राहिला, बायकांनी बायकांना सांगून चालवला. मोठ्या सिनेमावाल्यांचे फोन यायचे थांबले नाहीत. त्यातल्या एका दिग्दर्शकाने पुन्हा तीच भूमिका देऊ केली: आई, दार, पोलीस.

"दार वाजतं, त्याच्या आधी ती काय करत असते?" छोटीने विचारलं.

"काय करणार? घरात असते."

"घरात काय करत असते?"

त्याने विचार करून सांगतो म्हटलं आणि काम दुसऱ्या कोणाला तरी दिलं. छोटीला थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. आठवडाभराने दारावरची बेल वाजली. बाहेर एक चाळिशीची नटी उभी होती, चेहऱ्यावर संकोच. ते काम हिलाच मिळालं होतं.

"सगळे म्हणतात, दारात कोसळावं तर तुम्हीच," ती म्हणाली. "मला शिकवाल का?"

छोटीने तिला आत घेतलं. कोसळायचं कसं ते मोकळेपणाने दाखवलं: गुडघा आधी टेकायचा, चौकटीवरचा हात शेवटी सोडायचा, म्हणजे लागत नाही. मग दोघी तिथेच, उंबऱ्याशी जमिनीवर बसल्या.

"आता हिचं घर ठरवू," छोटी म्हणाली. "सकाळी मुलाशी कशावरून वाजलं होतं?"

नटीने डोकं खाजवलं. "फोनच्या चार्जरवरून?"

"चालेल. हिचा की त्याचा?"

"हिचा. त्याने नेला आणि परत ठेवला नाही."

"मग दार वाजल्यावर हिला आधी काय वाटेल?"

"चार्जर आणून द्यायला आलाय," नटी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा बदलला. छोटी पुढे सरकून बसली, आणि फ्रीजवर काय काय ठेवलेलं असेल ते दोघी मिळून ठरवायला लागल्या.